ताईच्या पायांवरची सूज

भाऊ : बूट काढ.

ताई : आत्ता कुठे टेकलेय. काढले तर पुन्हा पाय आत जायचे नाहीत.

भाऊ : म्हणूनच म्हणतोय, काढ.

ताई : डॉक्टरकी पुरे. चार दिवस चालून कुणाचे पाय सुजत नाहीत? तुझे नाही सुजले?

भाऊ : नाही.

ताई : तू लाडाचा. तुझी पिशवीसुद्धा मीच वागवतेय.

भाऊ : हे बघ. बुटाच्या वर बोट दाबून काढलं तरी खड्डा तसाच राहिलाय.

व्हॅनवाले काका : अहो, चला की मंडळी! पदयात्रेतला आपला अख्खा छापखाना टेकडी उतरला आणि तुम्ही अजून इथेच? आपल्या तुकडीचा कप्तान तिकडे ओरडतोय. फोटोवाले विचारतायत, किडनी देणारी बहीण कुठाय, घेणारा भाऊ कुठाय!

ताई : आलोच काका. याला आज माझे पाय धरायची हुक्की आलीय.

भाऊ : काका, हिने सकाळपासून किती पाणी घेतलं तुमच्याकडून?

काका : पाणी कुठलं! बाटली दिली तशी परत आली. म्हणाली, रस्त्यात आडोसा नाही, उगाच पंचाईत. बायकांचं खरंय तेही.

भाऊ : आणि काल?

काका : काल मळमळत होतं तिला. लिंबाच्या गोळ्या दिल्या चघळायला. आणि त्या गुडघ्याच्या गोळ्या तर रोज...

ताई : काका!

काका : आता मी काय वाईट बोललो? मागितल्या, दिल्या औषधांच्या पेटीतून.

भाऊ : कुठल्या गोळ्या, ताई?

ताई : साध्याच.

भाऊ : दाखव. खिशात आहेत ना? दाखव म्हणतो ना! या? अगं, या किडनीवर जातात, तुला चालत नाहीत. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं.

ताई : किती वर्षं झाली त्याला. माझी एक किडनी गेलीय हे मी उठता-बसता आठवत बसू का? सरावाच्या पहिल्याच आठवड्यात गुडघा धरला. गोळी घेतली की चालता यायचं.

भाऊ : सरावापासून घेतेयस?

ताई : ओरडू नकोस.

भाऊ : लघवीला कधी गेली होतीस?

ताई : अरे, काकांसमोर काय!

काका : मी जरा टायर बघून येतो.

भाऊ : काका, टायर राहू द्या. गाडी चालू करा. सांग, ताई.

ताई : पहाटे. थोडीशीच. काळ्या चहासारखी होती. मला वाटलं, उन्हाने असेल.

भाऊ : तोंडाला चव कसली येतेय?

ताई : चव?

भाऊ : नाणं चघळल्यासारखी?

ताई : तुला कसं कळलं?

भाऊ : काका, दार उघडा.

ताई : मी नाही बसणार. शेवटचा टप्पा आहे रे! संध्याकाळी रुग्णालयाच्या दारात सगळी उभी असतील. लोकांनी डायलिसिसच्या खोलीसाठी वर्गणी दिली ती आपल्या दोघांकडे बघून. किडनी दिली तरी माणूस ठणठणीत राहतो, हेच तर दाखवायचंय. मी आडवी होऊन पोचले तर उद्या कोण आपल्या भावाला किडनी देईल?

भाऊ : उद्याच्या कुणाचं मला काही घेणं नाही.

ताई : असं बोलू नये.

भाऊ : ऊठ. माझ्या खांद्यावर हात टाक.

ताई : चालते मी. अगं बाई! थांब, थांब. सगळं फिरतंय.

काका : धरा, धरा तिला! ताई, डोकं इकडे टेक. रुग्णालयात फोन लावतोय, पण या टेकडीमागे लागतच नाही. आणि जायला रस्ता हा एकच. पुढे सगळी आपलीच माणसं पसरलीत. हॉर्न देतच जावं लागेल.

ताई : हॉर्न नको, काका. घाबरतील.

भाऊ : द्या तुम्ही हॉर्न.

(गाडी सुरू होते.)

काका : बाजूला व्हा! अरे, बाजूला व्हा! टाळ्या काय वाजवताय?

ताई : आपल्याला बघून वाजवतायत. त्यांना वाटतंय, आपण गंमत करतोय.

भाऊ : तू डोळे मिटू नकोस.

ताई : हात तरी हलव त्यांना. माझा उचलवत नाहीये.

भाऊ : हलवला.

ताई : पाय माझे आहेत असंच वाटत नाही. तुला असंच व्हायचं का रे तेव्हा?

भाऊ : हो.

ताई : मग काय करायचास?

भाऊ : काही नाही. तू कामावरून येऊन माझ्या खाटेशी बसायचीस. आणि बोलत राहायचीस, सुचेल ते.

ताई : मग बोल ना.