वीरेंद्रभाऊनं मांगितलेला टॅक्स

...नाई पण मले एक सांगा, माणसानं जे मांगितलं तेच त्याले भेटलं, तर तो खुश व्हाले पाहिजे का नाई? मंग आमचा वीरेंद्रभाऊ तोंड पाडून काहून बसला? तुम्हाले सांगतो, लाखांदूरले बाजाराच्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान, त्याले लागून त्याचं भांड्याचं, अन् मधी एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. तिकडं चमचा पडला तर इकडं माझा दोरा तुटते. म्हणून सांगतो, हे सारं ऐकलेलं आहे, बनवलेलं नाई!

तर त्याचं दुखणं काय? ऑनलाइन! आमची शकुबाई यायची, वरचा कुकर खाली उतरवायची, झाकण कसं लागते थे दाखव म्हणायची, शिट्टी तोंडानं फुंकून पाहायची, फोटो काढायची, अन् "मंग येतो बाप्पा" म्हणून जी जायची, थे आठ दिवसानं तसाच कुकर घेऊन हजर... मोबाईलवरून मांगवलेला! अन् म्हणे याचा रबर ढिला आहे, बसवून दे. आता काय करते माणूस? गावची बाई, नाई म्हणता येते? रबर बसवून द्याचा, चहा विचाराचा, अन् ती गेली का भिंतीकडं तोंड करून मले सुनवाचं, "ऑनलाइनवर टॅक्स लागलाच पाहिजे!" मी म्हणो, लागो बाप्पा, पण मले कापड तर सरळ कापू दे.

मंग भंडाऱ्याले व्यापाऱ्यांची सभा झाली. वीरेंद्रभाऊनं माईक धरला तो सोडेच ना! आमी दुकान झाडतो, पाटी रंगवतो, गणपतीची वर्गणी देतो, नगरपंचायतीचा टॅक्स भरतो, अन् ज्याले ना दुकान ना पाटी, तो मोकळा कसा? "मोठा असो का लहान असो, एक वाटी जरी विकली तरी टॅक्स लागलाच पाहिजे!" असा टाळ्यांचा कडकडाट! पण घरी येऊन बायकोले, म्हणजे रिता वहिनीले, यातलं एक अक्षर सांगितलं नाई. म्हणे, तिले काय समजते व्यापारातलं?

आता याच्या माळ्यावर बापाच्या वेळचे भंडाऱ्याचे पितळी गुंड, म्हणजे पाणी भराचे हंडे, पडून होते. घरोघरी फिल्टर आले, पाण्याले गुंड कोण घेते? रिता वहिनीनं एका दुपारी एक गुंड खाली काढला, चिंचेनं घासला, उनात ठेवला, मोबाईलनं फोटो काढला, अन् टाकला ऑनलाइन. गेला ना बाप्पा पुण्याले! थेथली बाई त्यात फुलं ठेवते म्हणे. पाणी नाई, फुलं! वीरेंद्रभाऊ पहिले हसला, मंग दुसरा गेला, तिसरा गेला, मंग हसू बंद झालं. ज्या पार्सलवाल्या धनीरामकडं तो पाहत नव्हता, त्याले स्टूल भेटू लागलं. अन् भिंतीपलीकडून "टॅक्स लागलाच पाहिजे" येणं बंद! मीच बेचैन, म्हटलं याची तब्येत तर ठीक आहे ना?

अन् मंग ऑनलाइन विकणाऱ्यायसाठी तो नवा कायदा आला. वहिनीचं खातं एका सकाळी ठप्प! टॅक्सचा नंबर टाका, नाईतर गुंड विकू नका. निघाले दोघं एसटीनं भंडाऱ्याले, केशवराव वकिलाकडं, तो टॅक्सचंच काम करते. केशवरावनं चष्मा वर केला अन् समजावलं, का भाऊ, तुमच्या दुकानाचा धंदा लहान, त्याले नंबर लागत नाई. पण वहिनी ऑनलाइन विकतात, तर एक वाटी जरी विकली तरी नंबर पाहिजे. अन् वरतून हात जोडून म्हणते कसा, "सभेत तुमीच बोलले होते ना हे? काय बोलले भाऊ, मी तर उभा राहून टाळ्या वाजवल्या!"

रिता वहिनीनं नवऱ्याकडं पाहिलं.

परतीची एसटी खचाखच, हे सारं वहिनीनं मंग शकुबाईले सांगितलं अन् मी भिंतीतून ऐकलं. खिडकीकडं वीरेंद्रभाऊ, बाहेरच्या बाजूनं वहिनी, उतराची सोय नाई. कारध्याचा पूल गेला, पवनी गेली, मंग वहिनी हळूच म्हणाली, "टॅक्स भराले माझी ना नाई. दुकानवाला भरते तर मीही भरीन. पण तुमी मांगाले गेले मोठ्या कंपनीवर, अन् आला माझ्यावर. मले एकडाव विचारलं असतं तर?"

"मले काय मालूम तू विकशील म्हणून?"

"तुमचे गुंड मी विकीन असं तुम्हाले वाटलंच नाई, हेच म्हणून राहिली मी." मंग म्हणे, "आता बोला. टॅक्स लागला पाहिजे का नाई?"

हो म्हटलं तर घर गेलं, नाई म्हटलं तर बाजारात तोंड गेलं! वीरेंद्रभाऊनं खिडकीतून पाहिलं अन् म्हणाला, "आसगाव आलं."

नंबर काढला. पण वहिनीनं सांगून टाकलं, ज्यानं टॅक्स मांगितला त्यानंच दर महिन्याले भराचा, अन् पार्सलही त्यानंच बांधाचं. तवापासून तो दुकानात मोबाईल धरून बसते, अन् भिंतीपलीकडून येते काय? "ओटीपी नाई आला... आला... गेला!"

काल व्यापारी संघाची मंडळी आली हो, मागणी मंजूर झाली म्हणून सत्कार कराले! वीरेंद्रभाऊच्या दोन्ही हाताले चिकटपट्टी, पायात कागदाचा चुरा. त्यायनं खांद्यावर शाल टाकली, नारळ देला, फोटो काढला. मी मुद्दाम माझी मशीन थांबवली, म्हटलं आता भाषण करते!

वीरेंद्रभाऊनं शाल चाचपली, चांगली जाड होती, समोर पार्सलाले ठेवलेल्या गुंडाले गुंडाळून पाहिली अन् म्हणाला, "नाशिकवाल्याचा हाय, चेपला तर परत येईल. एकच आणली का हो?"