दंड न लागणारं तिकीट

—नाही हो, ओरडत नाहीये, माझा आवाजच असा आहे. बसा. ती नको, तिचा एक पाय गेलाय, ह्या खुर्चीवर बसा. तर काय म्हणालात — 'फक्त तारीख बदलायची आहे'. फक्त! पंचवीस वर्षं ह्या टेबलावर विमानाची तिकिटं काढतोय मी, आणि ह्या 'फक्त'वरच माझं घर चाललंय. शुक्रवारचं तिकीट पुढच्या महिन्यात न्यायचंय, बरोबर? कितीला घेतलं होतंत? बेचाळीसशे. तेव्हाच म्हटलं होतं ना मी, हे सगळ्यात स्वस्तातलं आहे, अटी वाचून घ्या? तुम्ही मान डोलावलीत. सगळेच डोलावतात. त्या अटी शेवटपर्यंत वाचणारा एकच माणूस मी पाहिलाय, तो वकील होता, आणि दंड त्यालाही बसला.

आता ऐका. तारीख बदलायचा दंड तीन हजार. वर भाड्यातला फरक तेवीसशे — कारण पुढच्या महिन्यात तेच विमान, तीच सीट, तोच गारठलेला पाव, पण भाव चढलेला. भाव उतरला असता तर फरक परत मिळाला असता? छे! स्वप्नात. शिवाय सुविधा शुल्क अडीचशे. कुणाची सुविधा, ते मी एकदा फोन करून विचारलं, तर चाळीस मिनिटं गाणं ऐकवलं त्यांनी. म्हणजे काय झालं, तर बेचाळीसशेचं तिकीट हलवायला साडेपाच हजारांच्या वर. हे फाडून नवं काढायचं तर साडेसहा हजार, म्हणजे तिथेही सुटका नाही. — कसला अन्याय? त्यांचं विमान सहा तास उशिरा सुटलं तर ते 'दिलगीर' असतात, आणि तुम्ही सहा मिनिटं उशिरा पोचलात तर तुम्ही 'नो-शो', सगळे पैसे बुडाले. का, म्हणून विचारायचं नाही. कंपनीचा नियम. मीही एवढंच म्हणतो, आणि गिऱ्हाईक गप्प बसतं — भल्याभल्यांची तोंडं बंद होतात ह्या दोन शब्दांनी.

किती वाजले तुमच्या घड्याळात? चार वाजून सात? भिंतीवरचं पाच मिनिटं पुढे आहे मग. नाही, काही नाही, सहज.

पण जाताय कुठे एवढं? घरी? आणि शनिवारी काय आहे — वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन. अस्सं. आणि ऑफिसात काम निघालंय. निघणारच, ऑफिस म्हणजे दुसरं काय असतं? वडिलांना सांगितलंत? 'समजून घेतील ते.' हो, घेतील की, वडलांना दुसरा उद्योग काय आहे? बरं, एक गंमत सांगतो. घरातलं कोणी गेलं, तर दंड माफ असतो, मृत्यूचा दाखला जोडायचा. नुसतं आजारी असेल तर माफ नाही. म्हणजे माणूस जिवंत असताना भेटायला जायचं तर भरा तीन हजार, आणि मेल्यावर जायचं तर या फुकट! कुठल्या तरी शहाण्याने एसीत बसून, चहा पीत पीत लिहिलं असेल हे.

दंड न लागणारं तिकीटही असतं, नाही असं नाही. दुपटीच्या वर भाव, पण हवं तितक्यांदा बदला, एक पैसा पडत नाही. हवंय? — नका घेऊ. ऐका माझं, नका घेऊ. एक गिऱ्हाईक आहे माझं, त्याने घेतलं होतं मुलासाठी. वर्षभरात नऊ वेळा बदललं! नऊ! स्वस्तातलं घेतलं असतं तर बुडतंय म्हणून तरी आला असता पोरगा. ह्याने मोठ्या ऐटीत महागडं घेतलं, आणि बसला तारखा सरकवत. दर वेळी हिने त्याची गादी उन्हात टाकायची, कपाटातला एक कप्पा रिकामा करायचा, आणि आदल्या दिवशी मी घरी जाऊन सांगायचं, काम निघालं गं त्याला, तारीख बदललीन —

'ही' म्हणजे कोण? त्या गिऱ्हाइकाची बायको हो.

असे बघू नका. बरं, माझीच. माझाच मुलगा. त्यात लपवण्यासारखं काय आहे? घरोघरी मुलं कामात असतात. फक्त — आता निघालंच आहे तर — तारीख त्याने नाही बदलली. एकदाही नाही. तो गेला तेव्हा भांडण झालं होतं, आणि मी बोलून गेलो, स्वतःच्या पैशाने तिकीट काढायची ऐपत आली की मगच ये ह्या घरात. बोलतो आपण रागात. चार महिन्यांनी मीच तिकीट काढलं, सगळ्यात महागडं, आणि पाठवून दिलं. एका शब्दाने उत्तर नाही. तारीख जवळ आली, तो काही बोलेना, म्हणून मीच पुढे ढकलली. नाहीतर 'नो-शो' लागला असता ना त्याच्या नावापुढे! माझ्या मुलाच्या नावापुढे तो शिक्का मी ह्या टेबलावरून लागू देईन? मग पुन्हा ढकलली. पुन्हा. मला सवय आहे हो, रोज हेच करतो.

पण त्या तिकिटाचंही आयुष्य एक वर्षाचंच असतं. त्या अटी मी वाचल्या होत्या, विचारू नका. आजचा शेवटचा दिवस. सव्वापाचला त्याच्या तिकडून विमान सुटतं, साडेचारला काउंटर बंद. हे बघा, स्क्रीनवर ह्या ओळीत — अजून 'चेक-इन नाही'. थांबा, पुन्हा बघतो. नाही. होईल, बरेच जण अगदी शेवटी येतात. धावत येतात, बॅगा घेऊन. तो तर शाळेतही घंटा झाल्यावरच पोचायचा. चहा घेणार? नको? बरं. पुन्हा बघू.

साडेचार झाले ना? तुमच्यातही झाले?

थांबा हं, फोन. — हॅलो. हो. नाही गं, आज नाही जमलं त्याला. — पुढची तारीख नाही मिळत आता. — अगं मी काय करणार त्याला? कंपनीचा नियम आहे. — हॅलो? हॅलो?

ठेवला. म्हणाली, 'कुठल्या कंपनीचा नियम? तारखा तुम्हीच बदलता, ते मला पहिल्या वेळेपासून ठाऊक आहे.' पहिल्या वेळेपासून! आणि तरी नऊ वेळा गादी उन्हात टाकलीन.

…

तुम्ही अजून इथेच? हे घ्या तुमचं तिकीट. शुक्रवार, सकाळी सातचं विमान, पाचला पोचा. नाही, बदलणार नाही. नवंही काढून देणार नाही. पैसे आत ठेवा ते. का म्हणजे काय? कंपनीचा नियम आहे. निघा, मला शटर ओढायचंय.