मार्थाबाईशी जिंकलेला वाद

आयुष्यभर वाद घातले आणि बहुतेक जिंकले, पण एका जिंकलेल्या वादाची अजून लाज वाटते. आमच्या गोरेगावच्या दवाखान्यात मार्थाबाई नावाची ख्रिस्ती नर्स होती. मी शाळेची पायरी न चढता वाचायला शिकलेली, त्यामुळं तोंडाला भलती धार. महिनाभराची सुट्टी काढून ती परतली आणि थेट माझ्या ओट्यावर येऊन बसली. चहा घेता घेता आपणहून म्हणाली, "आक्का, आमचा देव बाप हाय, लेक हाय अन् पवित्र आत्मा बी हाय. तिघं मिळून एकच."

मला तेवढंच पाहिजे होतं. "आमच्या दत्ताला तीन तोंडं, पण धड एक दिसतं तरी! तुजा लेक क्रुसावर मेला, तवा बाप कुठं व्हता? दोघं एकच, तर बाप बी मेला. न्हाई मेला, तर देव दोन झाले. सांग बराबर!"

ओट्यावर बसलेल्या शेजारणी खदखदून हसल्या. "बोल की सिस्टर, दे जबाब!"

तिनं कप खाली ठेवला. "मला एवढं कळत न्हाई, आक्का. दोघं एकच, म्हणून लेकाचं मरण बापाला बी लागलं असंल, एवढंच धरून बसले व्हते. माजा लेक डॅनियल गेला ना, मागच्या महिन्यात."

दहावं-तेरावं झालं की आम्ही त्या घरी बसायला जातो. त्यांच्यात ते नसतंच, म्हणून गावाला पत्ताच नव्हता. शेवटी तीच माझ्याकडं बसायला आली होती.

मी तिचा हात धरायला गेले.

"ऱ्हाऊ द्या, आक्का," ती उठली. "सवाल तुमचा बराबर हाय. आता मला बी तोच पडत ऱ्हाईल."