क्लबला पाठवलेला व्हिडिओ

(अ‍ॅमस्टेलव्हीन, डिसेंबर २०२१. सुमित माळ्यावरच्या खोलीत, दार बंद. त्याचे वडील भीमसेन बाहेर जिन्यावर बसलेले.)

सुमित : ताट तिथेच ठेवा पप्पा, आणि खाली जा. तुम्हाला कोविड झाला तर आई मला सोडणार नाही.

भीमसेन : मास्क लावलाय. एक विचारतो आणि जातो.

सुमित : डिग्रीचं असेल तर शुक्रवारी. शुक्रवारी आयसोलेशन संपतंय, मग समोरासमोर ओरडा.

भीमसेन : डिग्रीचं नाही. समतानं लिंक पाठवली, ‘दादाचं बघा’ म्हणून. तुझ्या क्लबनं वेबसाइटवर तुला निरोप दिलाय. नऊ मॅच, गुडघ्याचं ऑपरेशन, धन्यवाद. त्याच्याखाली माझा व्हिडिओ आहे.

सुमित : अजून ठेवलाय त्यांनी तो?

भीमसेन : खाली इंग्लिशमध्ये ओळी येतात. ‘तुझ्या आजोबांनी हे बघायला हवं होतं. धावत राहा. मला तुझा अभिमान वाटतो.’ सुमित, मी असं काही बोललो नव्हतो.

सुमित : माहितीये.

भीमसेन : मी म्हणालो होतो, एक वर्ष दिलं तुला. त्यानंतर मुकाट्यानं डिग्री पूर्ण कर. माझ्याकडून कौतुकाची अपेक्षा ठेवू नकोस.

सुमित : पाठ आहे मला, पप्पा.

भीमसेन : मला काय माहीत ते सगळ्यांना दाखवणार आहेत! आई म्हणाली, क्लबनं चाळीस सेकंद मागितलेत. मला वाटलं, तुझ्या फोनवर पाठवतील.

सुमित : त्या देशात सगळ्या क्लबांची रीत आहे ती. पहिल्या मॅचच्या आधी घरचं माणूस जर्सी हातात देतं. बाप, आजी, कोणीही. कोविडमध्ये आम्हाला हॉटेलात कोंडलेलं, घरचे येऊ शकत नव्हते, म्हणून व्हिडिओ. मोठा पडदा, समोर चाळीसएक जण. माझ्याआधी एका पोराचे वडील आले पडद्यावर, ते तर रडायलाच लागले. मग तुम्ही आलात. ऑफिसचा शर्ट घालून.

भीमसेन : आणि तू?

सुमित : उभा राहिलो. तुम्ही बोललात, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकालाही मराठी कळत नव्हतं. कोचनं विचारलं, काय म्हणाले? मी सुचेल ते सांगितलं. त्यांनी ते खाली लिहून टाकलं.

भीमसेन : खरं का नाही सांगितलंस?

सुमित : काय सांगू? दहा मिनिटांत मैदानावर जायचं होतं.

भीमसेन : आणि नंतर?

सुमित : मग तेच गळ्यात पडलं. प्रत्येक मॅचनंतर कोणीतरी विचारायचंच, आज वडील काय म्हणाले? मी बनवून सांगायचो. एकदा म्हटलं, उडी अजून उंच हवी म्हणाले. सगळे हसले. तुम्ही फार लाडके होतात हो तिथे.

भीमसेन : मी एकही मॅच बघितली नाही. शनिवारी सकाळी समता लॅपटॉप लावायची, की मी सायकल काढून दही आणायला जायचो. फ्रिजमध्ये दह्याचे पाच-पाच डबे. आई म्हणायची, कढीचं दुकान काढा आता.

सुमित : आईनं सांगितलंय मला.

भीमसेन : शेजारचा विचारायचा, मुलगा कुठल्या क्लबात फुटबॉल खेळतो? मी सांगायचो, ते फुटबॉल नाही, लांबट चेंडूचं काहीतरी आहे. मला लाज वाटायची, सुमित. माझ्या वडिलांनी माझी प्रत्येक मार्कशीट लॅमिनेट करून ठेवली होती. आपल्या घरात कौतुक त्याचंच झालं. दुसऱ्या कशाचं करायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

सुमित : म्हणून तर आजोबांचं नाव घातलं त्यात.

भीमसेन : गुडघा गेला तेव्हा काय सांगितलंस? मी काय म्हणालो?

सुमित : सोडा ना.

भीमसेन : सांग.

सुमित : म्हटलं, पप्पा म्हणाले, घरी ये.

भीमसेन : मी तर तुला अ‍ॅडमिशनच्या फॉर्मची शेवटची तारीख सांगितली होती.

सुमित : हो. हॉस्पिटलमध्ये होतो मी.

भीमसेन : चुकलं माझं. फार चुकलं. नऊच मॅच होत्या रे. तेवढ्याही बघितल्या नाहीत.

सुमित : जेवण गार होतंय, पप्पा.

भीमसेन : आईनं तुझी बॅग उपसली. जर्सी निघाली, बत्तीस नंबरची. धुतली. इस्त्री मी केली. आकड्यावर इस्त्री फिरवायची नसते, हे मला नंतर कळलं. तीनचा कोपरा जरा उचकटलाय.

सुमित : असू दे. ताटाजवळ ठेवा, घेतो.

भीमसेन : नाही. ती जिन्यावर ठेवायची वस्तू नाही. शुक्रवारी दार उघडलंस की हातात देईन.

सुमित : आता कशाला? मला कुठे खेळायचंय आता.

भीमसेन : माहितीये. उशीर झालाय. तरी देईन.

सुमित : आणि देताना काय म्हणाल?

भीमसेन : त्या व्हिडिओखाली लिहिलंय तेच. या वेळी मराठीत.