छताला काय धाड भरलीय

सेमिपलातिन्स्कच्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या झैनेपच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं पडत होतं.

"कुल्याश, तुझ्या लेकीच्या, रैखानच्या रक्ताचं काय निघालं गं?"

"अजून आतच ठेवलंय तिला. आपा, रेडिओवर ऐकलंत? आपल्याकडच्या त्या जमिनीखालच्या अणुस्फोटाचा वायू निसटून पार परदेशात पोचला. त्यांच्या राजदूतानं मॉस्कोला जाब विचारला."

"मग?"

"मॉस्कोनं त्यांची माफी मागितली."

"आणि आपली?"

"माफी परक्यांची मागतात, आपा. आपण घरचे."

"स्फोटाच्या दिवशी तुम्हीही सगळे अंगणातच होतात ना, कुल्याश?"

"शिपाईच सांगून गेला, जमीन हादरेल, घरात थांबू नका. बाहेर सतरंजी अंथरून चहा मांडला. रैखान आत झोपली होती. छत कोसळेल म्हणून मीच तिला उचलून बाहेर आणलं."

"आणि छत?"

"छताला काय धाड भरलीय? फळीवरचा कपसुद्धा फुटला नाही."