विहंगची यंदाची यादी

शंकर नगरच्या दातांच्या दवाखान्यात दुखरी दाढ धरून बसलेल्या गंधालीला शेजारच्या दोघींचं बोलणं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यातल्या वयस्कर बाई कानात इअरफोन घालून इवलासा स्वेटर विणत होत्या.

"काय ऐकून राहिल्या काकू, भजन?"

"नाही वो. आमचा पोट्टा विहंग ब्लॉग लिहिते. दर डिसेंबरले वर्षातल्या दहा चांगल्या अल्बमची यादी टाकते."

"तुमाले समजतात ते गाणे?"

"गाणे नाही समजत. पोट्टा समजते. लग्न केल्यापासून आमाले फोन करणं बंद हाय त्याचं. मागच्या साली दहाच्या दहा रडके होते. दोन दिवस जेवली नाही मी."

"अन् यंदा?"

"पहिल्या नंबरवर अंगाईगीतं."

"अगं बाई! मग लोकर पिवळी काहून घेतली?"

"पोट्टा झाला का पोट्टी, ते यादीत नाही लिहिलं."