कळलं न्हाई म्हणणारे सर

न्हाई हो पावणं, गावात ऐकलंत ते भांडण कसलं — यंत्राला कळतं का न्हाई कळत, एवढ्यावरनंच सुरू झालं सगळं. बसा निवांत, आमचं मालक कांद्याला पाणी द्यायला गेल्यात, येतीलच. तर ही आमची नणंद, सुप्रिया — इथं महाळुंगे पडवळलाच कॉम्प्युटरचा क्लास चालवती — आणि ते सुदर्शन सर, जुन्नरच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात. लई हुशार माणूस, पण शर्टाचं बटण कधी नीट लावलेलं न्हाई. शाळेत त्यांचं भाषण ठेवलं व्हतं. म्हणाले, मोबाईलमधलं ते एआय दुःखावर पानंच्या पानं लिहील, पण त्याचं स्वतःचं कधी कुणी गेलंय का? चुकलं तर त्याला लाज वाटती का? मग त्याला कळलं असं कसं म्हणायचं? लोकांनी टाळ्या वाजवल्या — आणि आमची बाई उठली की भर सभेत. म्हणाली, "सर, यंत्राचं राहू द्या. समोरच्या माणसाला कळलंय, हे तरी तुमी कशावरनं ठरवता?"

सर विचार करून सांगतो म्हणाले. आणि काय सांगू तुमाला — दर रविवारी मोटारसायकलवर हजर, नवीन उत्तर घेऊन. डोळ्यांवरनं कळतं म्हणाले, तिनं खोडलं. आपल्यालाबी तसंच दुखलेलं असतं म्हणून कळतं म्हणाले — तर ही म्हणती, मग बाईचं दुखणं तुमाला कधीच कळायचं न्हाई. मी पोहे करून करून दमले, पण ऐकायला मजा यायची, खरं सांगते. आणि रविवारी हिची वेणी उजाडायलाच घातलेली — ते कुणाला दिसायचं? मलाच.

काल आले ते हात हलवत. उत्तर न्हाई का, तिनं विचारलं. तर म्हणाले, "यंत्राला काहीबी विचारा, ते कळलं म्हणतं. मला तुमचं अजून काही कळलेलं न्हाई. म्हणून तर येतो." राव, दर उत्तर खोडणारी आमची बाई, हे मात्र तिनं खोडलं न्हाई. मग म्हणाली, पुढच्या रविवारी जेवायलाच या. मी आत तोंडात पदर कोंबून हसतीय — हसू आवरंना! मालकांना अजून पत्ता न्हाई, भाकरी वाढताना मीच सांगणार हाय. लग्न यंदाच उरकायचं, मी तर साडीसुद्धा ठरवून ठेवली —

पण तुमी कुठलं म्हणालात? निरगुडसर? मालकांनीच बोलावलंय व्हय... कशाला?

पुतण्याचं स्थळ? आमच्या सुप्रियासाठी?

...

निरगुडसरची एसटी आता येईलच फाट्यावर, पावणं. जरा पाय उचला.